मुंगसाचं अनेकवचन

बपेऱ्याला महाराष्ट्र संपतो. तुमसरहून निघालेला रस्ता सिहोरा मागे टाकत, दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्या न्याहाळत इथवर येतो, बावनथडीच्या पुलावर चढतो आणि उतरतो तेव्हा बालाघाट जिल्ह्यात असतो. सीमा ओलांडली म्हणून अंगावर शहारे वगैरे येत नाहीत. दोन्हीकडे धान तेच, ऊन तेच, खड्डे तेच. लिपीसुद्धा तीच. अलीकडचं ‘स्वागत आहे’ पलीकडे ‘स्वागत है’ होतं, एवढाच काय तो फरक. दोन राज्यांमध्ये एक ‘आ’ कमीजास्त आहे, आणि तो बहुधा पुलावरून नदीत पडत असावा.

सोयरिकी दोन्ही काठांवर आहेत. इकडची लेक तिकडे, तिकडची इकडे. पोवारी बोलणारी घरं या तीरावर आहेत तशी त्याही तीरावर आहेत. तरी सीमा ती सीमाच. निवडणूक आली की नाका लागतो आणि डिक्या उघडल्या जातात. करोनाच्या दिवसांत तर जावयालाही कागद दाखवल्याशिवाय सासुरवाडीला जाता येईना, आणि अनेक जावयांना आयुष्यात पहिल्यांदाच सरकारचे आभार मानावेसे वाटले.

मुंगसाला मात्र कुणी कधी काही विचारलेलं नाही. उन्हाळ्यात नदीची वाळू उघडी पडली की ते या काठावरून त्या काठावर खुशाल जातं. या काठावर ते ‘मुंगूस’ असतं, त्या काठावर पोचलं की ‘नेवला’ होतं. नुसतं नावच नव्हे, लिंगही बदलतं. मराठीत ते नपुंसकलिंगी, हिंदीत पुल्लिंगी. वाळूतून चार पावलं टाकताच एवढं स्थित्यंतर होऊनही त्याच्या चालीत काही फरक पडलेला दिसत नाही. शेपूट तेवढंच लांब, घाई तेवढीच.

या दोन नावांपैकी एक पुढे लंडनला गेलं, तिथून जमैकाला, हवाईला, जपानलाही पोचलं. ते आपलं. नेवला बिचारा अजून बालाघाटातच आहे.

हा शब्द शाळेत कसा पोचतो, त्याची हकिकत या भागातल्या एका इंग्रजीच्या सरांनी मला सांगितली. सरांनी फळ्यावर लिहिलं: एम, ओ, एन, जी, डबल ओ, एस, ई. आणि म्हणाले, वाचा. पहिला हात वर झाला त्याने वाचलं, ‘मँगनीज’. हसायला हरकत नाही, पण मुलगा तुमसर तालुक्यातला आहे हे लक्षात घ्या. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी याच तालुक्यात. घरातलं नाहीतर शेजारातलं कुणीतरी मॉयल या खाण कंपनीत असतंच. ‘मँग’ अशी सुरुवात झाल्यावर पुढे ‘नीज’च येणार, हा त्याच्या पोटापाण्याचा अनुभव आहे. शिवाय इंग्रजीला शब्द पुरवण्याचा या खाणींचा धंदा जुनाच आहे. फर्मर नावाच्या भूशास्त्रज्ञाने मध्य प्रांतातल्या मँगनीजवाल्या एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असं नाव 1909 साली देऊन टाकलं होतं. गोंडांना विचारलं नसावं.

दुसऱ्या मुलाने शब्दाची फोड केली. ‘सर, मन आणि गूज. मनगूज. मनातलं गूज.’ सरांना ही व्युत्पत्ती इतकी आवडली की खरं उत्तर न सांगण्याचा त्यांना क्षणभर मोह पडला. तिसरा जरा शिकवणीला जाणारा होता. त्याने ‘मॅन’ म्हणजे माणूस आणि ‘गूस’ म्हणजे हंस असं करून नरसिंहाच्या चालीवर एक नरहंस तयार केला. शेवटी सरांनी अर्थ सांगितला: मुंगूस. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, मंग तं हा आपलाच शब्द होय नं! इंग्रजीच्या पुस्तकात काहून आला?’

इतका रास्त प्रश्न इंग्रजीच्या तासाला क्वचितच विचारला जातो.

सरांची खरी पंचाईत त्यानंतर झाली. अनेकवचन! ‘गूस’चं ‘गीस’ होतं हे त्यांनी आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं, तेव्हा ‘मंगूस’चं ‘मंगीस’ व्हायला हवं. होत नाही. ‘मंगूसेस’ होतं. का? कारण या शब्दातल्या गूसचा हंसाशी काडीचाही संबंध नाही. शब्द मराठीतून उचलला, लिहिताना कानाला ओळखीचा वाटला तो ‘गूस’ शेपटीला जोडला, आणि नंतर अनेकवचनाची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. यावर इंग्रजांचाच एक जुना विनोद आहे. एका गृहस्थाला प्राणी विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून दोन मुंगसं मागवायची होती. तो ‘दोन मंगूसेस पाठवा’ असं लिहितो, खोडतो. ‘दोन मंगीस’ लिहितो, तेही खोडतो. अखेर लिहितो, ‘महोदय, कृपया एक मंगूस पाठवावं. ता. क. सोबत आणखी एक पाठवावं.’

यात आपली काही चूक नाही. आपल्याकडे अनेकवचन तयार होतं: मुंगूस, मुंगसं. उकाराचं ओझं उतरवायचं, वर अनुस्वार ठेवायचा, झालं. दुकानात वस्तू घ्यायची आणि सोबतचं पुस्तक तिथेच विसरून यायचं, तसं इंग्रजांनी केलं. एकवचन नेलं, अनेकवचन इथेच राहिलं, आणि तीनशे वर्षं झाली तरी कुणी न्यायला आलेलं नाही.

नेलं कुणी, तेही सापडतं. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर 1670 च्या दशकात आपल्याकडे होता. मुंबई, सुरत, कोकण असा हिंडला. जुन्नरच्या मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून औषधोपचारासाठी घाट चढून जुन्नरलाही जाऊन आला. शिवाजी महाराजांचा काळ. इकडे राज्याभिषेक होतो आहे, तिकडे आरमार उभं राहतं आहे, आणि हा गृहस्थ आंबे, माकडं, साधू, मुंगूस असं दिसेल ते टिपून ठेवतो आहे. त्याचं पुस्तक 1698 साली लंडनला छापून आलं आणि त्यात मुंगूस इंग्रजी वेशात उभं होतं. हा प्राणी आपल्याकडच्या फेरेटच्या नात्यातला, अशी ओळखही त्याने करून दिली. परक्या मुलखात पाहुण्याची ओळख करून देताना कुणाचा कोण हे सांगावं लागतं, ही रीत तेव्हा इंग्रजांतही होती म्हणायची.

त्यानंतर दोनशे वर्षं इंग्रज हे नाव वाटेल तसं लिहीत राहिले. मंगूस, मुंगूस, मंगस, मुंगो. जो तो आपल्या नोकराच्या उच्चारावर विसंबून. त्या सगळ्या स्पेलिंगांची हजेरी 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात घेतलेली आहे. युल आणि बर्नेल या दोघांनी इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा हा कोश केला. मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसेन’चं इंग्रज शिपायांच्या तोंडी जे झालं, ते त्यांनी कोशाचं नाव म्हणून ठेवलं. ज्या कोशाचं स्वतःचंच नाव असं वाकडं झालेलं, त्याच्याइतका वाकड्या शब्दांचा प्रामाणिक साक्षीदार दुसरा कुठून मिळणार? कोशकारांनी शब्द तेलुगूतला म्हणून दिला आहे, मराठीतही तो असल्याची नोंद केली आहे. उत्तरेकडे या प्राण्याला नेवला म्हणतात. म्हणजे बपेऱ्याचा पूल त्यांनी कोशात बांधून ठेवला आहे.

हे सगळं जरा इकडेतिकडे झालं असतं तर काय अनर्थ ओढवला असता! गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं, त्यात मुंगूस आहे, पण ‘क्विरपेले’ या नावाने. हे तमिळमधलं ‘कीरिप्पिळ्ळै’. ‘पिळ्ळै’ म्हणजे लेकरू. तमिळ माणूस मुंगसाला बाळ म्हणतो, खारीला आणि पोपटालाही म्हणतो. त्या भाषेचं मातृहृदयच मोठं. इंग्रजांनी तो शब्द उचलला असता तर आज लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘क्विरपेले’ची पाटी असती. कलकत्त्यात उचलला असता तर बंगालीतला ‘बेजी’ गेला असता आणि अनेकवचनाचा प्रश्नच आला नसता. बेजी, बेजीज, मामला खतम. पण फ्रायर आपल्या किनाऱ्यावर हिंडला आणि मराठी शब्दाला जागा मिळाली. मराठी माणूस वेळेवर पोचला म्हणून त्याला जागा मिळाली, असं इतिहासात फार वेळा घडलेलं नाही. नोंद करून ठेवावी.

इथे किपलिंगला आणावं लागतं, कारण बपेऱ्याची वैनगंगा त्याच्या पुस्तकातून वाहते. ही नदी सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाटला वळसा घेत भंडाऱ्याकडे उतरते, आणि बपेऱ्याच्या परिसरात बावनथडी तिला येऊन मिळते. मोगली ज्या ‘वैनगुंगा’च्या काठी लांडग्यांत वाढला, ती हीच. ‘जंगल बुक’ 1894 साली आलं. किपलिंग तेव्हा अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात राहत होता. सिवनीचं जंगल त्याने स्वतः पाहिलेलं नव्हतं. स्टर्नडेल नावाच्या साहेबाचं 1877 सालचं सिवनीवरचं पुस्तक त्याच्या कामी आलं असं मानतात. थोडक्यात, वैनगंगेकाठी जन्म काढलेल्या माणसाला वैनगंगेवर चार ओळी सुचत नाहीत, आणि ज्याने ती पाहिली नाही त्याने तिला जगभर नेऊन सोडलं. याला प्रतिभा म्हणतात. भंडाऱ्याकडे दुसरं काहीतरी म्हणतात, पण ते छापता येत नाही.

त्याच पुस्तकात नाग मारणाऱ्या मुंगसाची, रिक्की-टिक्की-टावीची गोष्ट आहे. ती मात्र वैनगंगेकाठी घडत नाही. घडते सुगौलीच्या छावणीत, म्हणजे बिहारात, चंपारणात. सुगौली म्हणजे जिथे नेपाळशी 1816 चा तह झाला ते. आता तिथल्या एकाही माणसाच्या तोंडी ‘मुंगूस’ हा शब्द असण्याचं कारण नाही. तिथे नेउर, नेवला. पण बंगल्यातली साहेब मंडळी त्याला बिनदिक्कत मंगूसच म्हणतात. ऐन बिहारात, भोजपुरी मुलखात, इंग्रज कुटुंब मराठी बोलतं आहे आणि त्यांना पत्ता नाही! मराठीच्या प्रसारासाठी एवढं काम आपल्या कुठल्याही साहित्य संमेलनाने केलेलं नाही. किपलिंग मुंबईत जन्मलेला, पाच वर्षांचा होईतो तिथेच वाढलेला, आया गोव्याची. नाव त्याला कोशात शोधावं लागलं नसणार.

हे सगळं मी मोठ्या अभिमानाने बपेऱ्याकडच्या एका चहाच्या टपरीवर सांगत होतो. रोवणी आटोपली होती, माणसं मोकळी होती, आणि टपरीवर अभिमान ऐकून घ्यायला गिऱ्हाईक नेहमीच मिळतं. इंग्रजीने आपल्याकडून काय काय नेलं याची यादी मी वाढवत नेली. बोंबील नेला, त्याचा ‘बमलो’ केला. पेंढारी नेले, त्यांचे ‘पिंडारी’ केले. पेंढारी गेले ते बरंच झालं, असं एक काका म्हणाले. शेवटी मी मुंगसावर आलो. हा शब्द मराठीचा, मराठीनेच जगाला दिला, असं म्हणून ग्लास ठेवला.

कोपऱ्यात एक शेतमजूर बसला होता. दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांपैकी. तो म्हणाला, ‘भाऊ, तिकडे बी तं तेच म्हनतेत गा. मुंगिस म्हनतेत. आमी मिरचीच्या वावरात पायला होता नं. आपल्या लोकायनं तिकडून आनला का तेयनं इकडून नेला?’

टपरीवरचे सगळे माझ्याकडे पाहू लागले. प्रश्न बिनतोड होता. तेलुगूत ‘मुंगिस’, कन्नडमध्ये ‘मुंगुसि’, ‘मुंगुलि’; शब्दाचं गोत्र द्राविडी. संस्कृतातून आलेला आपला शब्द ‘नकुल’, त्यातूनच हिंदीतला नेवला उतरला. याचा अर्थ असा की ज्याला आपण पुलापलीकडचा परका म्हणत होतो तो नेवला संस्कृतच्या घरचा, आणि ज्याला आपण आपला म्हणून लंडनपर्यंत मिरवत होतो ते मुंगूस दक्षिणेतून आलेलं. इंग्रजांनी आपल्याकडून घेतलं हे खरं. पण आपणही ते शेजाऱ्याकडून आणून परत न केलेलंच होतं. उसनं आणलेलं तिसऱ्याला देऊन वर नाव कमवायचं, ही कला आपल्या आळीत कुणाकुणाला साधते ते मी इथे लिहीत नाही.

‘मंग आपलं काय उरलं?’ काकांनी विचारलं. मी म्हटलं, इंग्रजांच्या कानावर पडलं ते आपल्या तोंडून. ‘म्हनजे दलाली,’ काका म्हणाले. तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ आहे. तिथे ऊठबस असलेल्या माणसाला मराठीचं भाषाशास्त्रातलं स्थान समजावून सांगायला एवढा एक शब्द पुरतो.

नकुलाचा विषय निघाल्यावर कुणीतरी सुकळीची आठवण काढलीच. तुमसर तालुक्यात सुकळ्या एकाहून जास्त आहेत, म्हणून त्यातल्या एकीला सुकळी (नकुल) म्हणतात. एसटीने जाणाऱ्याने कंसासकट तिकीट मागावं, नाहीतर भलत्याच सुकळीत उतरण्याची पाळी. हा नकुल पांडवांमधला की बिळामधला, यावर टपरीवर दोन पक्ष पडले. पांडवांच्या बाजूने माणसं जास्त होती. मुंगसाच्या बाजूने फक्त मिरचीवाला होता, पण त्याचा आत्मविश्वास तोवर फार वाढलेला होता.

शब्द हाताशी नसला की काय होतं, त्याचंही एक उदाहरण मुंगसानेच पुरवलं आहे. पंचतंत्रातली ब्राह्मणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पाळण्यातल्या बाळाला वाचवण्यासाठी मुंगूस सापाचे तुकडे करतं; त्याचं रक्ताळलेलं तोंड पाहून त्यानेच बाळ खाल्लं असं समजून त्याला मारतात; मग पाळण्यात बघतात तर बाळ हसतंय. ही गोष्ट फ्रायरच्या कितीतरी शतकं आधी पश्चिमेला निघाली. अरबीत पोचली तेव्हा मुंगसाचा ‘वीझल’ नावाचा प्राणी झाला. युरोपात बहुतेक ठिकाणी मुंगूस नाही, त्याला ओळखीचं नाव नाही. तिथे त्याचा कुत्रा झाला. वेल्समध्ये तर लिवेलिन राजा, त्याचा गेलर्ट नावाचा इमानी शिकारी कुत्रा, पाळण्यातलं बाळ आणि सापाच्या जागी लांडगा अशी पक्की स्थानिक गोष्ट बनली. बेडगेलर्ट या गावी त्या कुत्र्याची म्हणून एक समाधीसुद्धा आहे, आणि पर्यटक तिथे जाऊन डोळे पुसतात. आपल्या मुंगसाच्या मयतीला कुत्र्याच्या नावावर रडणारे लोक! म्हणून म्हणतो, फ्रायरने नाव लिहून नेलं ते बरं केलं.

नाव गेलं आणि मग त्याचे पाय थांबेनात. फ्रेंच लोकांनी ‘मांगूस्त’ केलं. त्या भाषेत समुद्री शेवंड्याला ‘लांगूस्त’ म्हणतात, त्याच्या नादाने शेवटी ‘त’ चिकटला असावा असं मानतात. मुंगूस आणि शेवंडा यांची गाठ घालणं फ्रेंचांनाच जमावं. इटालियन ‘मांगुस्ता’, रशियन ‘मांगुस्त’. लिनियसने 1753 साली वनस्पतींची नावं लावताना एका झुडपाला ‘ऑफिओऱ्हायझा मुंगोस’ म्हटलं. नाग चावला की मुंगूस जाऊन या झुडपाची मुळी खातं आणि ताजंतवानं होऊन परत भांडायला येतं, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात मुंगसाला औषधाची गरजच कमी. नागाच्या विषाने स्नायू लुळे पडतात ते ज्या जागी विष जाऊन चिकटतं त्या जागेची ठेवण मुंगसाच्या अंगात थोडी वेगळी असते. विषाला तिथे नीट बसता येत नाही. किल्ली बरोबर, पण कुलूप बदललेलं. तरी मुंगूस त्यावर विसंबत नाही, मुळात चावूनच घेत नाही.

याच कीर्तीवर त्याला नोकऱ्या लागल्या. जमैकात उसाच्या मळ्यांत उंदीर माजले, तेव्हा 1872 साली एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली: चार नर, पाच माद्या. आपल्याकडचं मोठं करडं मुंगूस नव्हे, लहान जातीचं. बंगालातून गेली तरी तिकडे ‘मंगूस’ हेच मराठी नाव लागलं, हे विसरू नये. सुरुवातीला काम झकास झालं. मालक खूश. त्या नऊ जणांची प्रजा इतकी वाढली की 1883 साली जमैकाहून ती हवाईच्या ऊसमळ्यांत पाठवली गेली. मग लक्षात आलं की उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा. मुंगूस सकाळी कामावर येणार, संध्याकाळी सुटणार. उंदीर त्यानंतर हजर होणार. दोघांची गाठ पडायची ती येण्याजाण्याच्या वेळी. मधल्या वेळेत मुंगूस रिकामं कशाला बसेल? त्याने कोंबड्या, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, जे दिवसपाळीला असेल ते खाल्लं. जमैकातल्या लोकांनी त्याच्या लबाडीवर गाणं रचलं, ‘स्लाय मंगूस’. म्हणजे आपला शब्द कॅरिबियन तालावर नाचलासुद्धा.

जपानने हा किस्सा ऐकला नसावा. त्यांनी 1910 साली ओकिनावात मुंगसं सोडली. तिथल्या ‘हाबू’ या विषारी सापाचा बंदोबस्त करायचा होता. हाबूही रात्रपाळीचा. पुढे 1979 च्या सुमाराला अमामी ओशिमा बेटावरही सोडली. तिथे मुंगसांनी साप सोडून बेटावरचे दुर्मीळ काळे ससे खायला घेतले. मग सरकारला मुंगसं पकडणारं पथकच उभं करावं लागलं, ‘अमामी मंगूस बस्टर्स’. सापळे, कॅमेरे, वास काढणारे कुत्रे, सगळं लावून अखेर सप्टेंबर 2024 मध्ये जपानने जाहीर केलं की बेटावर आता एकही मुंगूस नाही. जपानी भाषेत त्याला ‘मांगूसु’ म्हणतात. प्राणी गेला, शब्द राहिला. आणि जपानीत अनेकवचनाची भानगडच नाही. एक असो की हजार, मांगूसु ते मांगूसु. इंग्रजांनी तिकडे जाऊन शिकावं.

आता राहिलं सगळ्यात नामांकित मुंगूस, आणि ते अस्तित्वात होतं की नाही हीच शंका आहे. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मध्ये ‘आइल ऑफ मॅन’ नावाचं बेट आहे. तिथे एका एकाकी शेतघरात आयर्विंग नावाचं कुटुंब राहायचं: नवरा, बायको आणि मुलगी. 1931 साली त्यांच्या घराच्या लाकडी भिंतींच्या आतून आवाज येऊ लागला. आधी खुडबुड, मग बोलणं. बोलणाऱ्याने सांगितलं की माझं नाव जेफ, मी मुंगूस आहे, फार हुशार आहे, आणि माझा जन्म नवी दिल्लीत 1852 साली झाला. लंडनचे वार्ताहर धावले. हॅरी प्राइस हे भुताखेतांचे नामवंत तपासनीस 1935 साली स्वतः जाऊन आले. जेफ त्या दिवशी कुठेतरी निघून गेला होता. त्याच्या अंगचे म्हणून जे केस मिळाले ते तपासले तर घरच्या कुत्र्याच्या केसांशी जुळणारे निघाले. वेल्सवाल्या हकिकतीची ही उलट बाजू; तिथे मुंगसाचा कुत्रा झाला, इथे कुत्र्याचं मुंगूस.

मला त्यातली 1852 ची गोष्ट फार आवडते. नवी दिल्ली वसवण्याची घोषणाच 1911 साली झाली. म्हणजे हे मुंगूस राजधानीच्या आधी जवळपास साठ वर्षं राजधानीत जन्मलं. असले जन्मदाखले आपल्याकडेही मिळतात, पण त्यासाठी ओळख लागते.

बोलणाऱ्या मुंगसाचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. महाभारतात युधिष्ठिराच्या अश्वमेधात ते येऊन गेलंय. अर्धं अंग सोन्याचं, येऊन भर मंडपात लोळलं आणि म्हणालं, एका गरीब ब्राह्मणाने दिलेल्या सातूच्या पिठाची सर या यज्ञाला नाही. एवढा खर्च करून, एवढे ब्राह्मण जेवू घालून वर मुंगसाने ऐकवायचं! युधिष्ठिराने त्याच्यावर खटला भरला नाही. इंग्लंडात भरला. जेफवर पुस्तक लिहिण्यात प्राइससोबत रिचर्ड लँबर्ट नावाचे बीबीसीच्या ‘लिसनर’ नियतकालिकाचे संपादक होते. सर सेसिल लेव्हिटा नावाच्या बड्या गृहस्थांनी म्हटलं की जो माणूस बोलणाऱ्या मुंगसावर विश्वास ठेवतो तो जबाबदारीच्या पदावर ठेवायच्या लायकीचा नाही. लँबर्टनी 1936 साली अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. भरपाई मिळाली साडेसात हजार पौंड. खटल्याचं नावच पडलं ‘मंगूस केस’.

हाही किस्सा मी टपरीवर सांगितला. मिरचीवाला मन लावून ऐकत होता. साडेसात हजार पौंड म्हणजे तेव्हाचे किती, असं त्याने विचारलं. खूप, असं मी म्हटलं. त्याने जरा विचार केला.

‘आन् त्यातले मुंगसाले किती भेटले?’